काजळबेटाचा शेवट

ज्यावर इंद्रजित चौगुलेला मत नाही अशी गोष्ट कोल्हापुरात शोधून सापडली नसती. दिवसा तो शिरोलीच्या एका फाउंड्रीत साचे तपासायचा आणि उरलेल्या वेळात जगातल्या तमाम गेम, अ‍ॅनिमे आणि सिनेमांची सालं काढायचा. गेमवरून सिनेमा काढणं म्हणजे जेवून उठलेल्या माणसाला स्वयंपाकाची कृती वाचून दाखवणं, हे त्याचं पहिलं मत. ज्या अ‍ॅनिमेत नायक एक गुद्दा मारायला दोन भाग भाषण करतो, त्यातल्या खलनायकानं तोवर पळून जायला हरकत नाही, हे दुसरं. पाण्याखालचा टप्पा असलेला एकही गेम आजवर धड निघालेला नाही, हे तिसरं, आणि यावरून तो कुणाशीही हातघाईवर यायला तयार असे.

त्याच्या चॅनेलचं नाव होतं 'शेवट सांगणार नाही'. तिथं तो वाट्यांत गुण द्यायचा. पाच वाट्या म्हणजे तांबडा रस्सा, एक वाटी म्हणजे काल उरलेला. शिव्या पोटभर देई, पण शेवट मात्र मेला तरी सांगत नसे. शेवट फोडणारा माणूस आणि पेपर फोडणारा माणूस त्याच्या लेखी सारखेच. चार वर्षांपूर्वी त्यानंच पुढाकार घेऊन देशभरातल्या चाहत्यांच्या सह्या गोळा केल्या होत्या, आणि तसल्याच मोहिमा इतर देशांतही चालू असल्यामुळं कंपन्यांनी अखेर ऐकलं. तेव्हापासून 'राखण' नावाची व्यवस्था आली. नव्या कलाकृतीचा शेवट कुणी नेटवर कुठं लिहिला, बोलला, चित्र टाकलं, की राखण ते दोन वर्षांपर्यंत आपोआप पुसून टाकी. कंपन्या इतक्या चटकन कशा ऐकतात, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नाही. इंद्रजितला तर नाहीच. तो हार घालून घेण्यात गुंतला होता.

चाहत्यांनी आपले आपण आणखी दोन नियम पाळायला घेतले. पहिलं पाहणं एकट्यानं, दार लावून. आणि दोन वर्षं संपली, राखण उठली, की 'उघडी पंगत': सगळ्यांनी एका हॉलवर जमायचं, कुणीतरी उभं राहून शेवट मोठ्यानं सांगायचा आणि मगच मिसळीच्या ताटाला हात लावायचा. मग जी भांडणं जुंपत, त्यासाठी माणसं सांगली-बेळगावहून येत.

त्या रविवारची पंगत 'काजळबेट'ची होती, आणि इंद्रजितनं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

काजळबेट हा त्याच्या लहानपणीचा गेम. जुन्या बाजारातून आणलेला, सगळी अक्षरं जपानी, एक कळेल तर शपथ. काळा धूर ओकणारं एक बेट, त्यावर एक बहीण आणि एक भाऊ. म्हणून इंद्रजितनं आणि त्याच्या बहिणीनं त्याला काजळबेट नाव ठेवलं. घरात कंट्रोलर एकच होता. मग थोरली संयोगिता डाव्या हातानं त्याची डावी बाजू धरायची आणि चालवायची, इंद्रजित उजवी बाजू धरायचा आणि उड्या मारायचा. दोघं मिळून एक माणूस. शेवटच्या टप्प्यात बेट बुडायला लागे, किनाऱ्यावर बोट दिसे, आणि बोटीत जागा एकाचीच. कुणाला बसवायचं यावर दोघांचं वाजे, तेवढ्यात आतून आईची जेवायला हाक येई, आणि दोन हाकांत उठलं नाही तर आई टीव्हीच बंद करी. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. तो शेवट त्यांनी कधी केलाच नाही. पुढं इतरांकडून कळलं, की कुणालाही बसवा, बटण दाबलं की पडदा काळा होतो, बस. बोटीतून शेवटी खरंच कोण गेलं आणि पुढं काय झालं, हे गेम करणाऱ्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

आणि मग एका जपानी स्टुडिओनं त्याचा अ‍ॅनिमे काढला. मराठी डबिंग झालं, इंद्रजितच्या आग्रहानं नावही काजळबेटच ठेवलं. पंचवीस वर्षांनी शेवट कळणार होता.

इंद्रजितनं तो दार लावून पाहिला. बहीण भावाला किनाऱ्यावर बसवते, 'आलेच' म्हणते, एकटीच बोटीत चढते, आणि निघून जाते. मागं वळूनसुद्धा बघत नाही. भाऊ हात हलवत राहतो आणि पाणी त्याच्या गळ्यापर्यंत येतं. त्यानं त्या अ‍ॅनिमेला एक वाटी दिली, तीही गार.

त्याच संध्याकाळी संयोगिताचा निरोप आला होता. ती तोवर नागोयाला गेली होती, मोटारींचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. आईचा डावा हात आणि पाय पक्षाघातानं लुळे पडले त्यानंतर तिसऱ्या महिन्यात ती गेली. इंद्रजितनंच तिला सांगितलं होतं, जा तू, मी आहे इथं. आईला उठवणं, बसवणं, चालवणं त्यानं एकट्यानं केलं आणि एका शब्दानं तक्रार केली नाही. निरोप असा होता: 'इंद्या, शेवट बघितलास? असाच पाहिजे होता. मी लई रडलो.' जपानात राहूनही तिचं कोल्हापुरी पोरींचं 'मी आलो, मी गेलो' सुटलं नव्हतं.

इंद्रजितनं उत्तर पाठवलं: 'तुला असाच पाहिजे असणार. सोडून जाणाऱ्यांना बरं वाटावं म्हणूनच काढलाय.'

त्यानंतर दोघं बोलले नव्हते. ती दर रविवारी आईला फोन करी, इंद्रजित फोन उचलून आईच्या हातात देई आणि चप्पल घालून बाहेर पडे.

हॉल गच्च भरला होता. कट वाटीवाटीनं ताटांत पडला होता आणि वासानं माणसं व्याकूळ झाली होती. शेवट सांगायचा मान गडहिंग्लजच्या एका शिक्षिकाबाईंना मिळाला. त्या उठल्या, पदर सावरला, आणि गदगदून म्हणाल्या, की भावानं बहिणीला झोपेत उचलून बोटीत ठेवलं आणि स्वतः बेटाबरोबर बुडाला, तेव्हा त्यांना आपला धाकटा भाऊ आठवला.

मग इचलकरंजीचा एक यंत्रमागवाला हसत म्हणाला, बाई, तुम्ही दुसराच काहीतरी पाहिलाय. बोट बुडते आणि दोघं पोहत निघतात. त्याच्या शेजारच्यानं त्याच्याकडं वेड्याकडं बघावं तसं बघितलं. दोघं पोहत? अहो, दोघं भांडतात, आणि भाऊ बहिणीला ढकलून देतो. मागून कुणीतरी ओरडलं, की बोट नव्हतीच, ते स्वप्न होतं. मग एकेक जण उठायला लागला. प्रत्येकाच्या तोंडात काजळबेट, आणि प्रत्येकाचं बेट निराळं. सुरुवातीला हशा होत होता. आपण थट्टेचे धनी झालोय असं ज्याला त्याला वाटत होतं. पण माणसं शपथा घ्यायला लागली, एकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि हसणं विरत गेलं. नवरा-बायको असलेल्या एका जोडप्यानं एकच शेवट सांगितला. त्यांनी नियम मोडून शेजारी बसून पाहिला होता.

दोन वर्षं हीच माणसं एकमेकांना सांगत होती, काय शेवट आहे, अंगावर काटा आला. सगळ्यांचं एकमत होतं. आणि सगळे वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत होते.

तेव्हा समीना मुल्लाणी उभी राहिली. ती पुण्यात टीव्हीसाठी प्रोग्रॅम लिहायची, चाहत्यांत मुरलेली, एरवी बोलायला लागली की थांबवावी लागणारी. आज ती शब्द शोधत होती. तिनं विचारलं, "तुमच्या टीव्हीवर जुळणी चालू असते नव्हं?"

सगळ्यांच्याच असे. जुळणी म्हणजे खोलीतल्या उजेडाप्रमाणं चित्र कमी-जास्त करणारी सोय, असंच सगळे समजत. समीनानं सांगितलं, की उजेडाचं काम ती करतेच, पण तेवढंच नाही. टीव्हीच्या कडेला बारीक कॅमेरा असतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहऱ्यावरच्या कातडीचा रंग किंचित बदलतो. आपल्याला तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो, म्हणजे हात न लावता नाडी कळते. डोळ्यांची बाहुली मोठी होते, श्वास अडकतो, तेही कळतं. ही मोजणी लिहिणाऱ्यांत ती स्वतः होती. आवाज कधी वाढवायचा हे ठरवायला ती वापरतात, असं तिला सांगितलं गेलं होतं आणि तिनं ते मानलं.

"पण आता ध्यानात येतंय," ती म्हणाली. "हल्ली चित्रं आधी काढून ठेवायची गरजच न्हाई. स्टुडिओ माणसं देतो, आवाज देतो, बेट देतो आणि वाटेतले चार खांब देतो. मधलं यंत्र जागच्या जागी काढतं, तुमच्यापुढं पोचायच्या जरा आधी. तुमची नाडी बघून. आजवर पंगतीला आलेलं सगळं आधीच काढून ठेवलेलं होतं, असलं जागच्या जागी काढलेलं हे पहिलंच."

यंत्रमागवाल्यानं विचारलं, म्हणजे ज्याला जे आवडतं ते त्याला दाखवतंय?

समीनानं मान हलवली. आवडण्याशी यंत्राला काही देणंघेणं नाही. त्याला एकच काम दिलेलं असतं, बघणाऱ्याचा डोळा पडद्यावरून हलू द्यायचा नाही. मग त्यासाठी आनंद लागो, भीती लागो नाहीतर राग लागो. गेममध्ये आपण बटण दाबतो म्हणून आपल्याला माहीत असतं की निवड आपली. इथं बटण छातीत आहे. कंपन्यांनी ते लपवलंही नव्हतं. 'अनुभव तुमच्यासाठी जुळवला जाईल' हे वाक्य सगळ्यांनी वाचून पुढं ढकललं होतं. पण दोन माणसांनी जरी शेवट एकमेकांना सांगितला असता तर पहिल्याच दिवशी बिंग फुटलं असतं.

आणि ते कुणी सांगू नये याचा बंदोबस्त इंद्रजित चौगुलेनं स्वतः सह्या गोळा करून केला होता. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

कुणीतरी म्हणालं, आत्ता इथं लावू. हॉलच्या मोठ्या टीव्हीवर शेवटचा भाग लावला आणि सगळे समोर उभे राहिले. बेट बुडायला लागलं, बोट आली. भाऊ आणि बहीण किनाऱ्यावर थांबली. मग दोघंही वळली आणि सरळ हॉलमधल्या माणसांकडं बघायला लागली. काही बोलेनात, हलेनात, नुसती बघत राहिली. हा शेवट कुणीच पाहिलेला नव्हता. एकाचाही डोळा पडद्यावरून हलला नाही, आणि ते ध्यानात आल्यावर शिक्षिकाबाईंनी पुढं होऊन टीव्हीची वायर ओढून काढली.

मिसळ तशीच राहिली. पाव कोरडे पडले. इंद्रजित गाडीला किल्ली लावून बराच वेळ तिच्यावर नुसता बसून राहिला.

आधी त्याला आपल्या मतांचं वाईट वाटलं. माणूस आहे तसा आहे, त्याचा जीव जिथं गुंतला तिथंच आधी जाणार. गेली दोन वर्षं तो ज्यांची सालं काढत होता त्यातलं किती त्या लोकांनी केलं होतं आणि किती त्याच्याच नाडीनं? कुठल्याशा दिग्दर्शकाला त्यानं 'दगडाच्या काळजाचा' म्हटलं होतं. ते काळीज कुणाचं होतं? उभ्या जगाला तो वाट्यांत गुण देत होता, आणि प्रत्येक वाटीत त्याचंच तोंड दिसत होतं.

मग गाडी दसरा चौकाच्या सिग्नलला थांबली असताना त्याला दुसरी गोष्ट कळली, आणि मागचे हॉर्न वाजवत राहिले तरी तो हलला नाही. बहिणीला बोटीत बसवून पाठ फिरवायला कुठल्याही जपानी माणसानं लावलं नव्हतं. ते त्यानं काढलं होतं. 'जा तू, मी आहे' म्हणणाऱ्या इंद्रजितच्या छातीत दुसराच एक इंद्रजित दार लावून बसला होता. यंत्रानं ते दार सहज उघडलं. त्या रागावरून त्याचा डोळा हलणार नाही, हे यंत्राला त्याच्याआधी कळलं होतं.

आणि ताईनं मग काय पाहिलं होतं? 'असाच पाहिजे होता' ती कशाला म्हणाली होती?

घरी आला तेव्हा आई काठी टेकत स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. तिनं विचारलं, एवढ्या लवकर कसा? तो तसाच गॅलरीत गेला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्यानं स्वतःसाठी संयोगिताला फोन लावला.

तिनं उचलला आणि पहिला प्रश्न केला, की आईला काय झालं. आई बरी आहे, तो म्हणाला.

"ताई, काजळबेटाचा शेवट सांग," तो म्हणाला.

ती कोरडेपणानं म्हणाली, की शेवट फोडायचा नाही हा नियम त्याचाच, आणि त्यानं तर तो बघितलाय, वर तिला ऐकवलंयही. इंद्रजितनं सगळं सांगितलं. हॉल, समीना, नाडी, पडद्यावरून बघणारी दोन पोरं. त्यानं पुन्हा विचारलं, तू काय बघितलंस?

"ती जाते," संयोगिता म्हणाली. "बरीच लांब जाते. आणि मग बोट फिरवते. परत येते. तो तिथंच असतोय. दोघं एका जागेत बसतात आणि बोट बुडत न्हाई. मला वाटलं, बघ, यांना कळलं. असंच करायला पाहिजे होतं मी. तेवढंच तुला सांगायचं होतं."

हे तिचं माफी मागणं होतं, आणि त्यानं त्यावर काय लिहून पाठवलं होतं. त्याला स्वतःची इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"तुला काय दिसलं?" तिनं विचारलं.

इथं खोटं बोलणं फार सोपं होतं. मलाही तेच दिसलं म्हणायचं, किंवा पोहत गेली दोघं. ती खूश झाली असती. पण इतकी वर्षं दोघांनी एकच कंट्रोलर धरला होता, आणि एका बाजूनं खोटं बटण दाबलं की दुसऱ्या हाताला कळतंच. त्यानं सांगितलं. 'आलेच' म्हणाली तेही सांगितलं. वळून बघितलं नाही तेही सांगितलं.

तो शिवीची वाट बघत राहिला. निदान फोन ठेवण्याची.

"इंद्या," ती शेवटी म्हणाली, "मी खरंच तसाच गेलो होतो रे. रिक्षात बसलो आणि वळून बघितलं न्हाई. बघितलं असतं तर उतरलो असतो." मग ती म्हणाली, "मला पाहिजे ते दिसलं. तुला झालं ते दिसलं."

दोघंही रडत होती, आणि रडताना दोघांचाही आवाज लहानपणी येई तसाच चिरका येत होता. आई काठी वाजवत गॅलरीच्या दारात येऊन उभी राहिली. फोनवर संयू आहे हे तिला कळलं. पण इंद्रजित फोन धरून आहे आणि चप्पल घालत नाही, असं का, हे काही केल्या तिच्या ध्यानात येईना. तिनं विचारलं, काय झालंय, कशाला रडताय?

इंद्रजितला एकदम आठवलं. आईनंही तो अ‍ॅनिमे बघितला होता, दुपारची एकटी, पोरांच्या गेमवरनं काढलाय म्हणून. कसा वाटला विचारल्यावर ती म्हणाली होती, बरा आहे, पण शेवटी काहीच होत नाही. आईला डुलकी लागली असणार म्हणून तो हसला होता, आणि चॅनेलवर त्याची गंमत करून सांगितली होती. त्यानं फोनचा आवाज मोठा केला.

"आई, तू काजळबेट बघितलंवतंस की. शेवटाला काय झालं त्यात?"

"काय व्हायचंय," आई म्हणाली. "ती पोरं त्या बोटीवरनं भांडत बसलेली. आतनं त्यांची आई हाक मारती, जेवाय या म्हणून. मग उठली आणि गेली जेवाय."

"आणि बोट?"

"गेली की निघून."

"रिकामी?"

"मग कोण बसणार तीत? पोरं जेवत होती नव्हं."

यंत्रानं सगळं जग धुंडाळलं असेल, आणि ह्या बाईचा डोळा हलू नये म्हणून त्याला बुडत्या बेटावर ताटावर बसलेली दोन पोरं काढावी लागली होती.

आईनं इंद्रजितला विचारलं, पंगतीत काय खाल्लं. काही नाही, तो म्हणाला. फोनमधून संयोगिता म्हणाली, की तिचंही दुपारपासून जेवण राहिलंय.

"मग या की जेवाय," आई म्हणाली. "दोघंबी या."

नागोया कुठं आहे, हे तिला चांगलं ठाऊक होतं.